तिखटमीठ न लावता, पांघरूण न घालता: शरदातल्या उकाड्याबद्दल कसं लिहावं

सप्टेंबर सरत आला, की माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात सूर्य आग ओकायला लागतो. मे महिन्यातही तो आगच ओकत होता. मेमधल्या ४२ अंशांना आणि ऑक्टोबरमधल्या ३५ अंशांना एकच क्रियापद वापरून झालं, की एखाद्या वर्षी खरोखरच काही वेगळं घडल्यावर लिहिणाऱ्याच्या भात्यात बाण उरत नाही. मग येतो 'कहर', मग 'प्रकोप', आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं.

दुसऱ्या प्रकारचा मजकूर याच्या अगदी उलट असतो. 'ऑक्टोबर हीट आहे, दरवर्षीचंच.' हे लिहिणारा सहसा अनुभवी असतो, त्याला कशाचंच नवल वाटत नाही, आणि मला तोच जास्त धोक्याचा वाटतो. भडक लिहिलेलं वाचकाला ओळखू येतं, तो मनातल्या मनात चार आणे कमी करून वाचतो. कमी करून लिहिलेलं मात्र तसंच्या तसं गिळलं जातं.

रोजच्या हवामानाच्या चार ओळी लिहिणं आणि इतरांनी लिहिलेल्या तपासणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. या दोन्ही प्रकारच्या मंडळींना मी एकच प्रश्न विचारते: कशापेक्षा? 'गरम' म्हणजे कशापेक्षा गरम? गेल्या आठवड्यापेक्षा, गेल्या वर्षीपेक्षा, की या तारखेला साधारण असतं त्यापेक्षा? उत्तर वाक्यात आलं, की निम्मं काम झालं. ते आलं नाही, तर बाकीची विशेषणं कितीही जपून निवडा, उपयोग नाही.

आधी नेहमीचं काय ते बघा

'सरासरी' हा शब्द हवामानाच्या बातमीत मोघम नसतो. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार ती ३० वर्षांची असते आणि दर दशकाला पुढे सरकते. सध्याची सरासरी १९९१ ते २०२० या काळाची, त्याआधीची १९८१ ते २०१० ची. म्हणजे 'सरासरीपेक्षा दोन अंश जास्त' हे वाक्य लिहिताना आपण नकळत म्हणत असतो, 'गेल्या पिढीभरात या दिवसांत जे असायचं त्यापेक्षा दोन अंश जास्त.' पण ती पिढीही तापत्या जगातच वाढलेली आहे. मोजपट्टीच वर सरकली, की तोच उकाडा कागदावर थोडा सौम्य दिसतो.

एक उदाहरण हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान १६.३८ अंश होतं, असं युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेनं जाहीर केलं. १९९१–२०२० च्या तुलनेत ते ०.९३ अंशांनी जास्त, आणि १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.७५ अंशांनी जास्त. महिना एक, आकडे दोन, दोन्ही खरे. ज्याला घाबरवायचंय तो दुसरा उचलतो, ज्याला झाकायचंय तो पहिला. तुम्ही कुठलाही घ्या, पण मोजपट्टी शेजारी लिहा.

याच महिन्याबद्दल झीक हॉसफादर या हवामान शास्त्रज्ञानं शास्त्रज्ञाला न शोभणारी, चक्क नाक्यावरची भाषा वापरली होती, आणि तीही 'व्यावसायिक मत' म्हणून. मला ती अतिशयोक्ती वाटली नाही. आधीचा सर्वांत उष्ण सप्टेंबर २०२० चा, आणि २०२३ नं तो विक्रम जवळपास अर्ध्या अंशानं मोडला. एखाद्या गावच्या दुपारी अर्धा अंश म्हणजे काहीच नाही, एक ढग आला-गेला तरी तेवढा फरक पडतो. पण सगळ्या पृथ्वीच्या महिनाभराच्या सरासरीत विक्रम एरवी एका अंशाच्या दहाव्या-विसाव्या भागानं मोडतात. तिथे अर्धा अंश हा मोठाच धक्का. आकडा लहान दिसतो म्हणून त्याला लहान शब्द द्यायचा, हीसुद्धा चूकच.

आता आपल्याकडच्या शरदाचं बघू. युरोप-अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबर हे उतरत्या पाऱ्याचे महिने. दक्षिण गोलार्धात तेच मार्च ते मे. भारतात मात्र मोसमी पाऊस मधे येतो. तो साधारण १७ सप्टेंबरच्या सुमाराला वायव्येकडून परतायला लागतो आणि १५ ऑक्टोबरच्या आसपास देशातून निघून जातो. ढग हटतात, ऊन थेट जमिनीवर पडतं, जमीन अजून ओली असते, हवेत दमटपणा असतो आणि वारा पडलेला असतो. त्यामुळे ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरमधली दुपार बऱ्याच ठिकाणी गरम असणारच. म्हणून ऑक्टोबरची तुलना ऑगस्टशी करून 'तापमानात मोठी वाढ' असा मथळा दिला, तर तो दरवर्षी खरा ठरेल आणि दरवर्षी निरुपयोगी असेल. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करायची, जमल्यास त्याच आठवड्याशी. महिन्याच्या सुरुवातीची सरासरी आणि अखेरची सरासरी यांत चांगलाच फरक असतो, आणि थंड देशांत तर तो फार झपाट्यानं वाढत जातो.

तिथली मोजपट्टीही वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्येच ब्रिटनमध्ये सलग सात दिवस कुठे ना कुठे पारा ३० अंशांच्या वर गेला. सप्टेंबरमध्ये असं तिथे पूर्वी कधी नोंदलं गेलं नव्हतं. आपल्या डोळ्यांना ३० हा आकडा काहीच वाटत नाही. अशी बातमी मराठीत आणताना नुसता आकडा दिला तर वाचक हसेल, आणि 'भयंकर' एवढंच लिहिलं तर आकडा वाचून जास्तच हसेल. तिथे सप्टेंबरमध्ये काय अपेक्षित असतं, हे एका उपवाक्यात सांगितलं की दोन्ही टळतं.

'लाट' हा शब्द जपून वापरा

भारतीय हवामान विभाग सरासरीपासूनचा फरक ठरावीक टप्प्यांत सांगतो. दीड अंशापर्यंतचा फरक म्हणजे सरासरीच्या आसपास, १.६ ते ३ अंश जास्त असेल तर सरासरीपेक्षा जास्त, ३.१ ते ५ असेल तर लक्षणीय जास्त. ५ च्या पुढे गेलं तर फारच जास्त. मला ही उतरंड आवडते, कारण तिच्यात सूर्य कुठेच आग ओकत नाही. मी स्वतःच्या मजकुरासाठी तीच धरते. दीड अंशाच्या आत असेल तर 'यंदा असह्य' असं काही लिहायचं नाही, मग बाहेरून घामाघूम होऊन आलेल्या माणसाला कितीही वाटो. आणि पाचच्या पुढे असेल तर 'किंचित', 'जरा', 'थोडंफार' हे शब्द बाद.

'उष्णतेची लाट' मात्र वेगळी गोष्ट. त्याचे निकष आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४०, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३० अंश हवं. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. फरक ६.४ च्या वर गेला तर ती तीव्र लाट. (पारा ४५ ला पोचला तर फरक न बघताही लाट म्हणतात, पण शरदात ती वेळ येत नाही.) हे एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. ब्रिटनमध्ये तीन दिवस लागतात, पण उंबरठा जिल्ह्यागणिक २५ ते २८ अंश एवढाच.

यातून एक गंमत होते. मैदानी भागात ऑक्टोबरअखेर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा पाच जास्त असं झालं, तर ती नियमानुसार लाट नाही, कारण ४० चा उंबरठा ओलांडलेला नाही. म्हणून घाई करणारा 'लाट' लिहून चूक करतो आणि नियम पाठ असलेला 'लाट वगैरे काही नाही' असं लिहून दुसरी चूक करतो. दोघांनी फक्त 'या दिवसांत असतं त्यापेक्षा पाच अंश जास्त' एवढंच लिहिलं असतं तर दोघांचंही बरोबर ठरलं असतं. शिक्का मारायची सक्ती कुणी केलेली नाही.

कसला उष्मा?

मराठीला उन्हाचे प्रकार चांगले माहीत आहेत, आपण ते वापरत नाही एवढंच. उन्हाचा चटका वेगळा: सावलीत गेलं की संपतो. उकाडा वेगळा: तो सावलीतही असतो, रात्रीही असतो, पंख्याखालीही असतो, कारण तो दमट हवेचा आहे. रखरख कोरड्या हवेची. काहिली होते ती बाहेरच्या तापानं आणि आतल्या तहानेनं मिळून. ऊब सुखाची. पावसाळा नुकताच परतलेला असताना 'रखरखीत उन्हानं काहिली' असं कुणी लिहिलं, की मी खिडकीबाहेर बघते: रान हिरवंगार आहे, वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलसर आहे. रखरख कुठून आणली? मेच्या मजकुरातून.

'उन्हाळा परत आला' हे वाक्यही तसंच आयतं. तापमान सारखं असलं तरी ऊन सारखं नसतं. १९ अंश उत्तर अक्षांशावर मेच्या मध्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाखाली. ऑक्टोबरच्या मध्यात तो क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर, आणि दिवस साधारण सव्वा तासानं लहान. ५० अंश उत्तरेला तर याच दिवसांत तो जेमतेम ३२ अंश वर चढतो, माणसाची भर दुपारची सावली माणसापेक्षा लांब पडते. म्हणजे शरदातली गरम दुपार ही तिरप्या, लवकर मावळणाऱ्या उन्हातली दुपार असते. ऊन खिडकीतून आत खोलवर येतं, संध्याकाळ लवकर होते, आणि काळोख पडल्यावरही गरम होत राहिलं तर तेच विचित्र वाटतं. हे बारकावे लिहा. 'मे महिना आठवला' असं लिहून आपण या दिवसांचा वेगळेपणाच पुसून टाकतो.

झाडांची साक्ष काढायला हरकत नाही, पण जपून. पानगळ उशिरा झाली, एखादं झाड अवेळी फुललं, थंड देशांत पानांचा रंग लांबला, हे सगळं खरं असू शकतं. मात्र झाडाला दिवसाची लांबीही कळते, पाण्याची कमतरताही कळते, आणि कधी रोगही झालेला असतो. एका झाडावरून महिन्याचा निवाडा देऊ नये. पाहिलं ते लिहावं, 'त्यामुळे' हा शब्द गाळावा.

एक आकडा जो जवळजवळ नेहमी चुकतो

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलानं लिहिलं होतं: 'पारा ३५ अंशांवर आणि आर्द्रता ९२ टक्के; नागरिक हैराण.'

"ताई, दोन्ही आकडे अधिकृत आहेत," तो म्हणाला. होतेच अधिकृत.

"किती वाजताचे?" मी विचारलं.

९२ टक्के आर्द्रता सकाळी साडेआठची होती, तेव्हा तापमान होतं २४. आणि ३५ अंश दुपारचे. एका दिवसाचे दोन आकडे, पण एका क्षणाचे नाहीत. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते, म्हणून हवेतली वाफ तेवढीच राहूनही टक्केवारी घसरते. सकाळी २४ अंशांना ९२ टक्के असलेली तीच हवा दुपारी ३५ अंशांपर्यंत तापली तर आर्द्रता जेमतेम ५० टक्क्यांच्या आसपास येते. ३५ अंश आणि ९२ टक्के एकाच वेळी असणं म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) ३३ अंशांच्या पुढे; अशी हवा पृथ्वीवर क्वचित कुठे, बहुतेक तापलेल्या आखातांच्या काठीच, अनुभवाला येते. आपल्या वाचकानं ती सोसली असती तर तो वर्तमानपत्र वाचायच्या स्थितीत नसता.

यावर उपाय साधा. आर्द्रता आणि तापमान एका वाक्यात आणायचं तर वेळही एकच हवी. नाहीतर दवबिंदू द्या. तो दिवसभरात फारसा हलत नाही आणि उकाड्याचं खरं गमक तोच आहे. वाचकाला तो शब्द जड वाटेल अशी भीती वाटत असेल तर 'सकाळी दमट, दुपारी तापट' एवढं लिहिलं तरी दोन आकड्यांच्या त्या खोट्या लग्नापेक्षा बरं.

'जाणवणारं तापमान' हा फोनमधला आकडाही याच वाटेनं येतो. त्यात तापमान, दमटपणा, कधी वारा एकत्र करून एक अंदाज बांधलेला असतो. वापरा, पण 'पारा ४१ वर' असं लिहू नका. पारा ३५ वरच आहे, अंगाला ४१ सारखं वाटतंय. तसंच गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा. हवेचं तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. उन्हात उभी गाडी हवेबरोबर स्वतःलाही मोजत असते. डांबरी रस्त्याचं तापमान मोजून टाकलेले फोटो तर मी बघतच नाही.

आणि पटींचं गणित: '३० अंश म्हणजे १५ च्या दुप्पट उष्णता' असं होत नाही. सेल्सियसचं शून्य हे पाणी गोठायचं शून्य आहे, उष्णतेचं नव्हे. परदेशी बातमीतला ५ सेल्सियसचा फरक फॅरनहाइटमध्ये ९ अंश होतो, ४१ नाही. ४१ हे ५ अंश तापमानाचं रूपांतर आहे, फरकाचं नाही. ही चूक इतक्या वेळा दिसते, की मी ती दुरुस्त करताना आता वैतागतही नाही.

रात्र विसरू नका

दुपारच्या आकड्याला मथळा मिळतो, कारण तो मोठा असतो. पण शरदातला अवेळी उकाडा पुष्कळदा रात्रीत लपलेला असतो, आणि तो न सांगणं हेच माझ्या मते सगळ्यांत जास्त घडणारं झाकणं.

ऑक्टोबर २०२४ घ्या. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या पातळीवर तो सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. महिन्याचं सरासरी तापमान २६.९२ अंश, एरवीचं २५.६९. फरक १.२३ अंशांचा. इथवर बऱ्याच बातम्यांत आलं. पण किमान तापमान, म्हणजे पहाटेचं, होतं २१.८५, आणि एरवी असतं २०.०१. म्हणजे रात्रींचा फरक १.८४ अंश. त्या महिन्यात रात्री दिवसांपेक्षा जास्त बिघडल्या होत्या. हवामान विभागानं कारणंही दिली होती: उत्तरेकडून थंडावा आणणारे पश्चिमी झंझावात आले नाहीत, आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या प्रणालींमुळे पूर्वेकडून दमट वारे येत राहिले. दमट हवा रात्री जमिनीची उष्णता सहज निसटू देत नाही. एवढं वाचल्यावर 'सूर्य आग ओकत होता' या वाक्याला काय अर्थ राहतो? सूर्य तर मावळलेला होता.

म्हणून मजकुरात कमाल आणि किमान दोन्ही द्या, दोन्हींचा सरासरीपासूनचा फरक द्या, आणि ज्याचा फरक मोठा त्याला आधी लिहा. पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतंय की नाही, हे वाचकाला आकड्याआधीच ठाऊक असतं. तुमचं वाक्य त्याच्या त्या अनुभवाशी जुळलं, की आकड्यावरही विश्वास बसतो.

'विक्रम' लिहिण्याआधी

तीन गोष्टी विचारायच्या. कुठल्या जागेचा? कधीपासूनच्या नोंदींत? किती फरकानं? 'इतिहासातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर' हे कुणीच म्हणू शकत नाही. '१९०१ पासूनच्या नोंदींत' असं म्हणता येतं. मध्य इंग्लंडची मासिक तापमानमालिका १६५९ पासून आहे, तिथला विक्रम वेगळ्या वजनाचा. उलट, एखादं स्वयंचलित केंद्र पंधरा वर्षांपूर्वी बसलं असेल तर तिथला 'आजवरचा उच्चांक' म्हणजे पंधरा वर्षांतला उच्चांक. खरं आहे, पण तसंच लिहा.

महिन्याचा विक्रम आणि दिवसाचा विक्रमही वेगळे ठेवा. १ नोव्हेंबर २०१५ ला वेल्समधल्या ट्रॉसगोड इथे २२.४ अंश नोंदले गेले, तो ब्रिटनचा नोव्हेंबरमधला उच्चांक. तारीख बघा: महिन्याचा पहिलाच दिवस. आदल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ब्रिटनमध्येच, पण आग्नेय इंग्लंडमध्ये, २३.६ अंश झाले होते, म्हणजे एक दिवस अलीकडे आणि त्याहूनही जास्त; पण तो आकडा ऑक्टोबरच्या खात्यात गेला. महिन्याच्या सीमेवरच्या विक्रमात कॅलेंडरचाही वाटा असतो. याचा अर्थ विक्रम खोटा असा नाही. मथळ्यात त्याचा आवाज किती चढवायचा, एवढंच त्यावरून ठरतं.

कुणासाठी छान?

'आल्हाददायक', 'सुखद', 'छान ऊन पडलंय' हे शब्द मी सरसकट खोडत नाही. थंड देशातल्या माणसाला ऑक्टोबरमध्ये स्वेटरशिवाय फिरता आलं तर त्याला ते छानच वाटणार, आणि तो आनंद काढून घेऊन त्याच्या हातात संकटाची पाटी द्यायची काही गरज नाही. पण त्याच दिवशी रस्त्यावर खडी टाकणाऱ्याला, पत्र्याच्या छताखाली शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला, वॉर्डात खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला ते छान नाही. 'समुद्रकिनारी गर्दी' हा फोटो लावून सरासरीपेक्षा सात अंश जास्त असलेल्या आठवड्याची बातमी दिली, तर मजकूर कितीही नेमका असो, फोटोनं पांघरूण घातलंच. दोघांतला एकच निवडायचा नाही. कुणाला काय वाटतंय ते नाव घेऊन लिहायचं. 'नागरिक हैराण' यातले नागरिक कोण? मी 'नागरिक' शब्द दिसला की कर्ता शोधायला पाठवते. बहुतेक वेळा सापडतो, आणि मग 'हैराण'ची गरज उरत नाही. तो दुपारचं काम पहाटे पाचला सुरू करतो, हेच लिहिलं जातं.

कारणाबद्दल थोडक्यात. 'हवामान बदलामुळे हा उकाडा' हे एका आठवड्याबद्दल म्हणणं जास्त होतं, आणि 'हवामान आहे, बदलत असतंच' हे कमी. त्या आठवड्याचं जवळचं कारण निरभ्र आकाश, पडलेला वारा, एका जागी ठाण मांडून बसलेला जास्त दाबाचा पट्टा किंवा लांबलेली पावसाची परती असं काहीतरी असतं; ते हवामान विभागाच्या निवेदनात मिळतं, ते द्या. त्याच्या खाली सगळी पातळीच वर सरकलेली आहे, त्यामुळे असे आठवडे येण्याची शक्यता वाढली आहे आणि आले की ते आधीपेक्षा जास्त तापतात. ही दोन वाक्यं वेगळी ठेवली की भांडण मिटतं.

एक परिच्छेद लिहून बघू

समजा माझ्या हातात आलेलं वाक्य असं आहे: 'ऑक्टोबरमध्येच सूर्य आग ओकू लागला असून पारा ३७ अंशांवर पोचल्याने नागरिकांच्या अंगाची लाहीलाही होत आहे.' आणि हाताशी असलेली माहिती अशी: कमाल ३७, या आठवड्याची सरासरी ३३, किमान २४, सरासरी २०, सलग पाचवा दिवस, आकाश निरभ्र, वारा पडलेला.

पहिल्यांदा 'ऑक्टोबरमध्येच' मधला 'च' जातो. ऑक्टोबर गरम असतोच, त्यात आश्चर्य दाखवायचं कारण नाही. आश्चर्य चार अंशांचं आहे. मग आग जाते, लाहीलाही जाते. उरतं ते असं मांडायचं:

'सलग पाचव्या दिवशी दुपारचं तापमान ३७ अंशांवर गेलं. ऑक्टोबरच्या या आठवड्यात ते साधारण ३३ असतं. रात्रीही गारवा नाही: पहाटेचा पारा २४ वर अडला, एरवी तो २० पर्यंत उतरतो. आकाश निरभ्र आहे आणि वारा पडलेला आहे.'

यात एकही विशेषण ओरडत नाही, आणि ३७ हा आकडा मूळ वाक्यापेक्षा जास्त गरम वाटतो. 'अडला' हे क्रियापद मी मुद्दाम ठेवलं. चव म्हणून एवढं पुरे. आपल्याला अजून काही सांगावंसं वाटत असेल तर एक पाहिलेली गोष्ट जोडावी, दोन नकोत: रात्री अकरालाही गच्चीची फरशी अनवाणी पायांना कोमट लागते, असं काहीतरी. ते स्वतः तपासून मगच लिहायचं. फरशीला हात लावायला फार वेळ लागत नाही.

सहाव्या दिवशी पारा ३५ वर येतो, आणि मजकुरात 'दिलासा' अवतरतो. ३५ म्हणजे सरासरीपेक्षा अजून दोन अंश जास्त, आणि रात्रीचा आकडा तर तिथेच अडकलेला असेल. मथळ्यात 'दोन अंशांनी उतार' चालेल, तो खराच आहे. पण पहिल्या ओळीत 'तरीही सरासरीपेक्षा जास्तच' हे हवं, आणि दुसरीत पहाटेचं किमान. 'दिलासा' हा शब्द किमान तापमानही उतरेपर्यंत राखून ठेवा.